कंपनी यायच्या आधी वाडीचा सामूहिक वनहक्क दावा कसा भरायचा

रायगड-रत्नागिरीत खाण, धरण, कारखाना काहीही येऊ दे, पहिला घाव बसतो कातकरी नाहीतर ठाकर वाडीवर, कारण सातबारा नावावर नसतो आणि सरकारी नकाशात तिथं नुसतं जंगल दिसतं. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा प्रश्न 2013 ला सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांपुढे ठेवला, 12 च्या 12 ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि खाण अडली. त्यामागचा 2006 चा वनहक्क कायदा, म्हणजे पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना त्यावर हक्क देणारा कायदा, आपल्याकडेही आहे. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा पालघर-शहापूरकडे लागू आहे, रायगडपासून खाली नाही, म्हणून इथं खरा आधार हाच.

आधी वाडीची स्वतःची ग्रामसभा करून घ्या. महसुली नोंदीत वाडी वेगळी नसेल तर ग्रामपंचायतीने तिचं नाव यादीत घालून ग्रामसभेत मंजूर करायचं, यादी प्रांत (उपविभागीय अधिकारी) पक्की करतात. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत वाडीचा आवाज दबतो हो, म्हणून हे टाळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सभा कधी घ्यायची. कोरमला निम्मे सभासद लागतात, आलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात, आणि दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्टीवर नाहीतर कोळसा भट्टीवर गेलेली असते ती थेट पावसाच्या तोंडावर परत येते. हिवाळ्यात सभा लावली की कोरम बुडालाच समजा! भाताची लावणी आटपली की लगेच घ्या आणि त्याच सभेत 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा, तीत दोन तृतीयांश आदिवासी आणि निदान एक तृतीयांश बाया पाहिजेत.

मग म्हाताऱ्या माणसांना घेऊन अख्खी हद्द पायी फिरा. कंद कुठं खणतात, शेवळं कुठं मिळतात, मध कुठल्या कड्यावर, चिंबोऱ्या आणि मासे कुठल्या डोहात, गुरं कुठं चरतात, देव कुठं, मसणवट कुठं, सगळं नकाशावर मांडा. नदीतल्या माशांवरचा हक्कही या कायद्यात आहे, तो लिहायला लोक विसरतात. पुरावे निदान दोन लागतात, त्यात जुनी विहीर, मसणवट, देवस्थान चालतं, आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. अमुकच कागद आणा असं कोणी अडवलं तर ऐकू नका. दळीच्या, म्हणजे डोंगरउतारावर कसायला दिलेल्या जंगलातल्या तुकड्यांच्या, जुन्या नोंदी असतील तर त्याही शोधा, पण दळीचा दावा घरागणिक नमुना अ वर जातो. सामूहिक वापराला नमुना ब, आणि जंगल राखायचा, सांभाळायचा हक्क मागायला नमुना क. माझं मत विचाराल तर क शिवाय ब अपुरा आहे.

स्थळपाहणीची नोटीस वनखात्याला आणि महसूलला लेखी द्या, पोचपावती घ्या. ते आले नाहीत आणि पुढे त्याच कारणाने हरकत आली तर दावा फेरपाहणीला परत येतो, आणि दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

वाडी खाजगी मालकाच्या जमिनीवर असेल तर घराखालच्या जागेला हा कायदा लागत नाही, जंगलावरचा हक्क मात्र मागता येतो.

ठराव करून दावा प्रांताच्या समितीकडे जातो, तिथून कलेक्टरच्या समितीकडे. प्रांताच्या समितीने नाकारला तर कारण लेखी मागा आणि 60 दिवसांच्या आत जिल्हा समितीकडे अपील टाका, कारण तोंडी नकारावर अपील उभं राहत नाही.