दीड जीबीत दिवस काढायचा तर

कर्जतहून सीएसएमटी, रोज दोन तास जायला, दोन यायला. माझा प्लॅन दिवसाला दीड जीबीचा. पूर्वी बदलापूर यायच्या आतच ‘डेटा संपला’चा मेसेज यायचा. संपला म्हणजे नेट बंद होत नाही, वेग 64 केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट किंवा 8 किलोबाइटवर येतो. हिशेब करा: तासाला जेमतेम 29 एमबी. व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो.

आधी चोर पकडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये डेटा युसेज उघडलं की कोणतं अ‍ॅप किती खातं ते दिसतं. माझा चोर निघाला व्हॉट्सअ‍ॅप! ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मोबाइल डेटावरचं ऑटो-डाउनलोड बंद केलं, सुप्रभातची फुलं आता वाय-फायवरच उमलतात.

मग यूट्यूब. व्हिडिओ क्वालिटीत मोबाइल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’ निवडा, ऑटोप्ले बंद करा. नेटफ्लिक्स एचडीत तासाला 3 जीबीपर्यंत खातं, म्हणजे आपला दोन दिवसांचा कोटा. त्यापेक्षा रात्री घरच्या वाय-फायवर दोन भाग उतरवून ठेवते. सहा इंचांच्या पडद्यावर, तेही उभ्याने, एचडी कुणाला दिसतंय?

क्रिकेट मात्र लाइव्हच हवं. त्या दिवशी डेटा व्हाउचर मारते, नवऱ्याला सांगत नाही.