जुन्या शेडचं खुराडं करताना: कोंबड्या किती ठेवाव्या, हे मे महिन्याच्या दुपारी मोजा

घरामागच्या सांदवाडीत पडून असलेली टिनाची खोली, शेतावरचा रिकामा कोठा, पंपाची जुनी खोली, यांपैकी काहीही कोंबड्यांसाठी वापरता येतं. चूक होते ती आकडा धरताना. लांबी गुणिले रुंदी केली, दोनाने भागलं आणि तेवढ्या तलंगा (अंड्यावर यायच्या बेताच्या तरुण कोंबड्या) आणल्या, असं बहुतेक जण करतात. डिसेंबरात ते खपून जातं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, की त्याच शेडमध्ये दुपारी तीनच्या सुमारास कोंबड्या मरायला लागतात. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती चोच उघडून धापा टाकत बाहेर काढते, त्यासाठी तिच्याभोवती हलती हवा लागते. म्हणून नागपूरकडे शेड निवडताना आधी उंची, मग वारा आणि शेवटी जमीन मोजायची.

उंची

छताचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. ७ फुटांपेक्षा कमी असेल तर टिनाखाली कोंबड्या कोंडून ठेवू नका. हा आकडा असा येतो: कोंबड्या रात्री बसतात तो दांडा जमिनीपासून अडीच फुटांवर, त्यावर बसलेली कोंबडी सव्वा फूट आणि तिच्या डोक्यापासून पत्र्यापर्यंत किमान ३ फूट मोकळी जागा. तापलेली हवा पत्र्याखाली साचते. ही मोकळी जागा कमी पडली तर दांड्यावरची कोंबडी त्याच हवेत रात्र काढते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पत्रा रात्री उशिरापर्यंत गरम राहतो, हे विसरू नका.

एका उताराचं शेड असेल तर खालची बाजू ७ आणि वरची ९ फूट, हे माप उत्तम. माणसाला आत उभं राहून झाडता येतं, हाही मोठा फायदा. वाकून साफ करावं लागणारं खुराडं दोन महिन्यांनी कोणी साफ करत नाही.

सिमेंटचे पत्रे टिनापेक्षा कमी तापतात. जुने असतील तर मात्र ते कापू किंवा घासू नका, त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. टिनच असेल तर मार्चअखेरीस वरून चुन्याचे दोन हात द्या आणि ६ इंच जाडीची तणस (भाताचा पेंढा) पसरून जाळीने बांधा. वादळात उडू नये म्हणून नुसते दगड ठेवणं पुरत नाही.

वारा

लांब बाजू पूर्व-पश्चिम जाणारी असावी, म्हणजे जाळीच्या बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला येतात आणि उतरतं ऊन आत शिरत नाही. पश्चिमेची भिंत पूर्ण बंद हवी, कारण दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही तिकडूनच जास्त येतात. समोरासमोरच्या दोन लांब भिंती निम्म्याहून अधिक उघड्या करता येत नसतील, तर ते शेड सोडून द्या. एकच खिडकी असलेली वीटबांधणीची खोली दिसायला पक्की वाटते, पण कोंबड्यांसाठी ती भट्टी ठरते.

क्षेत्रफळ सारखं असेल तर अरुंद शेड निवडा. ८ बाय १५ आणि १० बाय १२, दोन्ही १२० चौरस फूटच. पण आठ फूट रुंदीच्या शेडमध्ये वारा आरपार जातो. पावसासाठी छप्पर भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट आलेलं असावं. जुन्या शेडला ते जेमतेम अर्धा फूट असतं. मग जुलैत झड आत येते, जमिनीवर पसरलेलं तूस (भाताची टरफलं) भिजतं आणि ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. तट्ट्या लावून किंवा पत्रा जोडून छप्पर आधी वाढवा, मग पक्षी आणा.

आता जमीन

रात्रीपुरत्या आत आणि दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबडीला २ चौरस फूट पुरतात. कायम बंद ठेवायची असेल तर ४ चौरस फूट. गिरिराज, वनराज यांसारखे भारी पक्षी असतील तर प्रत्येकी अर्धा चौरस फूट वाढवा. कडकनाथ अंगाने हलकी असते, तिला गावरानचंच माप चालतं.

नागपुरात मात्र या हिशेबात एक मेख आहे. एप्रिल ते जून सकाळी दहा-अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत दार उघडं असलं तरी कोंबडी उन्हात पाऊल टाकत नाही. बाहेर कडुनिंब, चिंच किंवा आंब्याची दाट सावली नसेल, तर तुमच्या ‘मोकळ्या’ कोंबड्या अडीच महिने खरं तर कोंडलेल्याच असतात. म्हणून झाड असेल तर प्रत्येकी २, थोडीफार सावली असेल तर ३ आणि काहीच नसेल तर ४ चौरस फूट धरा.

उदाहरण घेऊ. शेड १० बाय १२ चं आहे. दाराजवळ १० फूट लांब आणि ३ फूट रुंद पट्टा खाद्याचं पिंप, झाडू आणि तुमच्या उभं राहण्यासाठी सोडा. राहिले ९० चौरस फूट. सावली थोडी असेल तर ३ ने भागून ३० कोंबड्या.

हा आकडा तीन ठिकाणी पडताळून पाहा. दांड्यावर प्रत्येकीला ९ इंच लागतात, म्हणजे एकूण साडेबावीस फूट. पट्टा सोडून उरलेल्या ९ फुटांच्या भिंतीशी समांतर तीन दांडे लावले तर २७ फूट मिळतात. पहिला दांडा भिंतीपासून सव्वा फूट, पुढचे एकमेकांपासून दीड-दीड फूट आणि तिन्ही एकाच उंचीवर. उंची कमी-जास्त ठेवली तर सगळ्या वरच्या दांड्यासाठी भांडतात. खाद्याला प्रत्येकी ४ इंच कड, म्हणजे १० फूट. दोन्ही बाजूंनी खाता येणारं ५ फुटांचं एक गव्हाण पुरेल. अंड्यांसाठी दर पाच कोंबड्यांमागे एक पेटी, म्हणजे सहा. प्रत्येक पेटी एक फूट लांब-रुंद आणि सव्वा फूट उंच. पेट्या जमिनीपासून दीड फूट वर आणि दांड्यापेक्षा खाली लावा, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि अंडी विष्ठेत माखतात. भिंतीला टांगलेल्या पेटीखालची जमीन मोकळीच राहते, ती हिशेबातून वजा करू नका.

तिन्ही पडताळण्या जमल्या तरी सुरुवात २५ कोंबड्यांनी करा. एखादी खुडूक (अंडी उबवायला) बसते, तिला ३ बाय ३ चा वेगळा कोपरा लागतो. पिल्लं निघाली की आकडा आपोआप फुगतो.

६ बाय ४ ची, पाच फूट उंचीची टिनाची टपरी असेल तर जमिनीच्या हिशेबाने बारा मावतात असं वाटेल. उंची पाहता पाच-सहाच ठेवा, त्याही फक्त रात्रीपुरत्या आणि दोन बाजूंचा पत्रा काढून जाळी लावल्यावर. उलट, २० बाय ३० चा गुरांचा कोठा असेल तर सगळा घेण्याची घाई करू नका. जितकी लांब भिंत, तितकी जास्त जाळी आणि तितकी जास्त भोकं बुजवावी लागतात. आतून जाळीची आडभिंत घालून लागेल तेवढाच भाग वापरा.

आधी कशासाठी वापरलं जात होतं?

कपाशीच्या फवारणीची औषधं, युरिया किंवा बीजप्रक्रियेचं बियाणं ठेवलेलं शेड घेऊ नका. कोंबडी सतत जमीन टोचते आणि कोब्याच्या भेगांत साचलेलं औषध तिच्या पोटात जातं, तिथून अंड्यात. कोठ्याच्या भेगांत गोचीड दडून बसतात. भेगा सिमेंटने बुजवून मग भिंतीला चुना द्या.

काळ्या मातीवरचं शेड असेल तर जोतं किमान एक फूट उंच आहे का पाहा. नसेल तर मुरूम भरून, ठोकून त्यावर दोन इंच कोबा करा. नुसत्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांतून घूस वाट काढते. जमिनीवर तीन इंच तूस पसरायचं झालं तर ९० चौरस फुटांना साडेबावीस घनफूट लागतं. मौदा, रामटेककडच्या भातगिरण्यांत ते मिळतं. उन्हाळ्यात हाच थर दोन इंच ठेवा, जाड थर उष्णता धरून ठेवतो.

षट्कोनी ‘चिकन जाळी’ कोंबडी आत ठेवते, मुंगूस बाहेर ठेवत नाही. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा, वर साधी चालेल. जाळीचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवं पसरून त्यावर मुरूम आणि फरश्या दाबा. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, दीड फूट मागे जाऊन नाही.

ठरवण्याआधीची दुपार

शेड पसंत पडलं तरी एक दिवस द्या. उन्हाच्या दिवशी जमिनीपासून दीड फुटावर, म्हणजे कोंबडीच्या डोक्याच्या उंचीला, थर्मामीटर टांगा. दुसरा बाहेर झाडाच्या सावलीत. दुपारी दोन ते चार दर अर्ध्या तासाने दोन्ही बघा. आतला पारा बाहेरच्यापेक्षा दोन अंशांहून जास्त असेल तर छत किंवा जाळी कमी पडते आहे. ते आधी सुधारा किंवा कोंबड्यांचा आकडा एक चतुर्थांशाने कमी करा.

कोंबड्या आल्यावर त्यांच्याकडे बघूनही कळतं. पंख अंगापासून सुटे धरलेले, चोच उघडी, गळ्याखालची कातडी थरथरते आहे आणि बहुतेक जणी जाळीच्या कडेला चिकटून उभ्या आहेत, तर आत हवा नाही. लगेच गार पाणी द्या, बाहेर बारदाना ओला करून टांगा, पण वाऱ्याची वाट सोडून. उन्हाळ्यात प्रत्येक कोंबडीमागे रोज अर्धा लिटर पाणी धरा. तीस कोंबड्यांना १५ लिटर, तेही दोन-तीन ठिकाणी विभागून, म्हणजे दबलेल्या कोंबडीलाही मिळतं. पसरट मातीची भांडी सावलीत ठेवली तर पाणी गार राहतं.

हिवाळ्यात जाळीवरचे पडदे खालून वर चढवायचे, वर एक फूट फट कायम उघडी ठेवून. पहाटे पाचला दार उघडून उकिडवं बसा आणि नाक कोंबड्यांच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर तुसातून अमोनिया निघतो आहे: ओलं तूस काढा, फट वाढवा. दोन दिवसांनीही तसंच असेल, तर त्या शेडला कोंबड्या जास्त झाल्या आहेत.