केसपेपरवरचं ‘एफ ३२.१’ कसं वाचायचं

मनोविकारांच्या ओपीडीतून मिळालेल्या केसपेपरवर औषधांच्या यादीच्या आसपास एक बारीकशी नोंद असते: एफ ३२.१, एफ २०.०, एफ १०.२. बाहेर रांग असते, त्यामुळे डॉक्टर ती समजावून सांगतातच असं नाही. मग घरी कुणीतरी तो आकडा मोबाइलवर टाकतो, समोर येईल ते वाचतो आणि सगळं घर हादरतं. खरं तर हा आकडा वाचणं अवघड नाही. फक्त त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे दोन्ही माहीत असावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच आजारांची एक वर्गवारी ठेवते, तिला आयसीडी म्हणतात. तिच्या दहाव्या आवृत्तीत मनोविकारांच्या प्रकरणाला एफ हे अक्षर आहे. उच्च रक्तदाबाला त्याच वर्गवारीत आय १० म्हणतात. दोन्ही आकडे एकाच वहीतले आहेत. मात्र एक मोठा फरक आहे. रक्तदाब यंत्रावर मोजता येतो. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया दाखवणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन आजही नाही. इथे आजाराला नाव मिळतं ते लक्षणांचा संच, तो किती दिवस टिकला, त्यामुळे रोजचं जगणं किती अडलं आणि दुसरं कोणतं कारण सापडलं नाही, एवढ्या चार गोष्टींवरून. केसपेपर वाचतानाही याच चार गोष्टी शोधायच्या.

आधी वही ओळखा

आकडा ‘एफ’ने सुरू होत असेल तर ती आयसीडीची दहावी आवृत्ती. भारतातल्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत अजून हीच दिसते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिचे मनोविकारांचे आकडे ‘६’ने सुरू होतात: ६ए७० म्हणजे नैराश्याचा एक झटका, ६ए२० म्हणजे स्किझोफ्रेनिया. नुसतं ‘मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ असं लिहिलं असेल तर ती भाषा डीएसएमची, म्हणजे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तकाची. त्याची पाचवी आवृत्ती २०१३ची आणि सुधारित रूप २०२२चं.

परदेशातून आलेले कागद जोडताना इथेच गोंधळ होतो. अमेरिकेत दहाव्या आयसीडीचं तिथलं बदललेलं रूप चालतं. पहिले आकडे बहुधा जुळतात, टिंबानंतरचे जुळतीलच असं नाही. लहान मुलाच्या फाइलवर एफ ९०.१ असेल तर अमेरिकेत त्याचा अर्थ मुख्यतः अतिचंचलतेचा प्रकार असा होतो, तर मूळ आयसीडीत अतिचंचलतेबरोबर वर्तनाचीही समस्या. शिकागोहून पुण्याला परतलेल्या कुटुंबाने आकड्यासोबत आजाराचं पूर्ण नावही लिहून आणावं.

पहिला आकडा म्हणजे आळी

एफनंतरचा पहिला आकडा आजार कोणत्या गटातला ते सांगतो. शून्याची आळी मेंदूच्या किंवा शरीराच्या दिसणाऱ्या आजारांची: स्मृतिभ्रंश, वातभ्रम (डेलिरियम, म्हणजे अचानक येणारा गोंधळ). एकची व्यसनांची: एफ १० दारू, एफ ११ अफूजन्य पदार्थ, एफ १२ गांजा, एफ १७ तंबाखू. दोनमध्ये स्किझोफ्रेनिया आणि भास-भ्रमाचे इतर आजार. तीनमध्ये मनःस्थितीचे: उन्माद (मेनिया, म्हणजे मन अतिशय चढणं), बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य), नैराश्य. चारमध्ये चिंता, भयगंड, मंत्रचळ (ओसीडी), आघातानंतरचे त्रास. पाचमध्ये खाणं, झोप, लैंगिक क्रिया यांच्याशी जोडलेले, सहामध्ये व्यक्तिमत्त्वाचे. सात बौद्धिक वाढीचा, आठ विकासाचा, नऊ लहानपणी सुरू होणाऱ्या वर्तनसमस्यांचा.

या क्रमात एक शहाणपण आहे आणि ते फार उपयोगी पडतं. डॉक्टर ढोबळमानाने वरून खाली येतात. आधी शून्य वगळायचं, मग एक, मग दोन. थायरॉइड मंदावलं असेल तर माणूस उदास, सुस्त, विसराळू होतो. ब १२ जीवनसत्त्व कमी असेल तरीही तसंच. म्हणून नैराश्याच्या पहिल्याच भेटीत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि ब १२ तपासायला सांगितलं तर ‘मनाचा आजार, मग रक्त कशाला?’ असं म्हणून ते टाळू नये.

हा क्रम मोडला की जिवावर बेततं. ७५ वर्षांचे आजोबा दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले, दिवसा गुंगीत आणि रात्री भिंतीवर किडे दिसतायत असं म्हणाले, तर ते ‘वेड’ नाही आणि बहुधा नुसता स्मृतिभ्रंशही नाही. तो वातभ्रम असण्याची शक्यता मोठी: एफ ०५. कारण लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं कमी सोडियम, न्यूमोनिया किंवा नुकतंच सुरू केलेलं औषध असू शकतं. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत वाढतो, वातभ्रम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. अशा वेळी तातडीने फिजिशियनकडे न्यायचं, मनोविकारतज्ज्ञाच्या पुढच्या आठवड्याच्या तारखेची वाट पाहायची नाही.

दुसरी नेहमी चुकणारी जागा म्हणजे रोज पिणारा माणूस. हाड मोडून रुग्णालयात दाखल झाला की दारू एकदम बंद होते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास आणि गोंधळ सुरू होतो. हा एफ १०.४, आणि यात मृत्यू होऊ शकतो. घरच्यांनी लाजेपोटी पिण्याचं प्रमाण लपवलेलं असतं म्हणून निदान उशिरा होतं. दाखल करतानाच रोज किती घेतो आणि शेवटचा घोट कधी घेतला, हे दोन आकडे सांगावेत.

टिंबानंतर

एफ ३२ म्हणजे नैराश्याचा पहिला झटका, एफ ३३ म्हणजे पुन्हा आलेला. या दोघांत टिंबानंतर ० सौम्य, १ मध्यम, २ तीव्र, ३ म्हणजे तीव्र आणि सोबत भास किंवा भ्रम. ही मोजणी अशी होते. मुख्य लक्षणं तीन: उदासी, कशातच रस न वाटणं, थकवा. जोडलक्षणं सात: लक्ष न लागणं, आत्मविश्वास जाणं, अपराधी वाटणं, भविष्य काळवंडणं, स्वतःला इजा करण्याचे विचार, झोप बिघडणं, भूक बिघडणं. सौम्यसाठी दोन मुख्य आणि दोन जोडलक्षणं. मध्यमसाठी दोन मुख्य आणि तीन, शक्यतो चार. तीव्रसाठी तिन्ही मुख्य आणि किमान चार. हे सगळं साधारण दोन आठवडे टिकलेलं हवं. डीएसएमची मोजणी वेगळी: नऊपैकी पाच, त्यात उदासी किंवा रस जाणं यांपैकी एक तरी. त्यामुळे एकाच माणसाला एका दवाखान्यात ‘सौम्य नैराश्य’ आणि दुसरीकडे ‘निकषात बसत नाही’ असं सांगितलं जाऊ शकतं, आणि दोघेही आपापल्या वहीप्रमाणे बरोबर असतात.

‘सौम्य’ या शब्दाने मात्र फसू नये. तो लक्षणांच्या संख्येचा आणि कामं किती अडली याचा अंदाज आहे, धोक्याचा नाही. केसपेपरवर सौम्य लिहिलेला माणूसही मरणाचे विचार करत असू शकतो. तसं वाटलं तर थेट विचारावं. विचारल्याने डोक्यात कल्पना भरते ही समजूत खोटी आहे. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतूनही बोलते.

टिंबानंतर ९ असेल तर ‘तपशील अजून ठरलेला नाही’ असा अर्थ. निदानापुढे प्रश्नचिन्ह असेल तर ते तात्पुरतं आहे. हे डॉक्टरांच्या अज्ञानाचं लक्षण नाही, उलट प्रामाणिक नोंद आहे.

दिवस मोजा

मनोविकारांच्या निदानात सगळ्यात जास्त वजन कॅलेंडरला असतं आणि घरचे नेमके तिथेच अडखळतात. ‘केव्हापासून?’ या प्रश्नाला ‘बरेच दिवस झाले’ हे उत्तर निरुपयोगी आहे. भास-भ्रम महिनाभर टिकले तर आयसीडीप्रमाणे स्किझोफ्रेनियाचा विचार होतो. डीएसएम त्यासाठी एकूण सहा महिने मागतं. दोन आठवड्यांच्या आत अचानक उसळलेला आणि लवकर ओसरणारा प्रकार वेगळा, एफ २३. उन्मादासाठी एक आठवडा. परीक्षा, बदली, घटस्फोट अशा बदलानंतर महिन्याभरात सुरू होणारा आणि सहसा सहा महिन्यांत निवळणारा त्रास म्हणजे एफ ४३.२, जुळवून घेण्यातली अडचण.

म्हणूनच निदान बदलतं. मार्चमध्ये एफ २३ लिहिलं आणि जूनमध्ये एफ २०, तर पहिले डॉक्टर चुकले असं नाही. मार्चमध्ये महिना भरला नव्हता. नैराश्याचं बायपोलर होणं याहून महत्त्वाचं. बायपोलर आजार अनेकांत नैराश्यानेच सुरू होतो, त्या वेळी कागदावर एफ ३२ हेच येणार. पुढे उन्मादाचा झटका आला की एफ ३१. इथे घरच्यांच्या आठवणीची खरी कसोटी लागते. तीन वर्षांपूर्वी आठवडाभर तीन तास झोपूनही ताजातवाना होता, सुसाट बोलत होता, कर्ज काढून दोन गाड्या बुक केल्या होत्या, हे ‘तेव्हा तर तो मस्त मजेत होता’ म्हणून कुणी सांगतच नाही. नुसतं नैराश्याचं औषध दिलं गेलं तर अशा माणसात उन्माद उसळू शकतो. ही एक माहिती सगळी उपचारांची दिशा बदलते.

उलट, निदान न बदलता आकडा बदलल्याचंही दिसेल. अकराव्या आयसीडीने स्किझोफ्रेनियाचे पॅरानॉइड वगैरे उपप्रकार काढून टाकले. एफ २०.० होतं आणि आता ६ए२० झालं, तर आजार तोच आहे.

अंगात येणं या वर्गवारीत कुठे बसतं

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. दहाव्या आयसीडीत एफ ४४.३ अशी नोंद आहे, पण तिला कुंपण घातलं आहे. नवरात्रात, गोंधळात, जत्रेत, ठरलेल्या जागी अंगात आलं आणि थोड्या वेळाने ती बाई उठून कामाला लागली, तर वर्गवारी त्याला आजार म्हणत नाही. नको असताना, विधीच्या बाहेर, एसटीत किंवा कामावर वारंवार येऊ लागलं आणि संसार अडू लागला, तरच तो मनोविकार. तत्पूर्वी अपस्मार (फिट येण्याचा आजार) वगळायचा. ही मर्यादा अत्यंत योग्य आहे, कारण तिच्याअभावी अर्ध्या गावाला रोगी ठरवता आलं असतं. मात्र भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

वर्गवारी माणसंच करतात, त्यामुळे ती चुकते आणि सुधारतेही. समलैंगिकता डीएसएममधून १९७३ साली निघाली, आयसीडीतून १९९० साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत. तरीही ती ‘बरी करून देतो’ म्हणणारे भेटतात. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली अशा ‘उपचारां’ना डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं आहे. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चं कलम ३ सांगतं की निदान मान्य वैद्यकीय निकषांवरच व्हावं. जात, धर्म, राजकीय मतं किंवा घरच्यांशी न पटणं हे निदान होऊ शकत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही आज कुणाला आजारी ठरवता येत नाही.

भेटीला नेण्याचं एक पान

एकच कागद, आडवा धरून. मधोमध एक रेषा, तिच्यावर डावीकडून उजवीकडे वर्षं. रेषेच्या वर मन चढलेले काळ, खाली उदासीचे, प्रत्येकाखाली किती दिवस. त्याच रेषेवर नोकरी, लग्न, बाळंतपण, मृत्यू, अपघात. बाळंतपणाची तारीख नक्की लिहावी, कारण त्यानंतरच्या सहा आठवड्यांत सुरू झालेला त्रास वेगळा पाहिला जातो. खाली औषधांची नावं, मिलिग्रॅम, किती आठवडे घेतली, का थांबवली. दारू-तंबाखू-गांजा वेगळ्या ओळीत. रक्ताच्या नात्यात कुणाला असा त्रास किंवा आत्महत्या असेल तर तेही. ‘संशयी झाला’ असं लिहू नये, त्याने काय केलं ते लिहावं: शेजारी पाण्यात विष कालवतात म्हणून १० दिवस नळाचं पाणी प्यायला नाही. विशेषण डॉक्टरांनी लावायचं असतं.

भेटीच्या शेवटी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: हे निदान पक्कं की तात्पुरतं, काय काय वगळलं, आणि पुन्हा कधी तपासून पाहणार. उपचारांच्या नोंदी मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ने दिला आहे, तेव्हा प्रती मागायला संकोच नको.

त्या प्रती पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागतात. नुसतं एफ २० लिहिलंय म्हणून ते मिळत नाही. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद व समज, आणि काम या चार बाबींना ० ते ४ गुण देतात. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवतात: दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर १, दहापेक्षा जास्त असेल तर ४. एकूण २० पैकी ७ झाले की ४० टक्के अपंगत्वाची पायरी गाठली जाते. त्यामुळे पहिल्या वर्षाचा जुना, पिवळा पडलेला केसपेपर फेकून देऊ नये.