घडीचा चाकू घेताना या चुका टाळा: पात्याआधी सांधा बघा

काही वर्षांपूर्वी श्रावणात राजमाचीला मुक्काम होता. ताडपत्री बांधायला नायलॉनची दोरी कापत होतो. पातं दोरीत रुतलं, ते सोडवायला चाकू वर उचलला आणि लॉक, म्हणजे उघडं पातं अडवून धरणारा भाग, निसटलं. पातं मिटलं ते थेट तर्जनीवर. चार टाके पडले. चाकू जेमतेम महिन्याभरापूर्वी घेतलेला, साडेचारशे रुपयांचा. घेताना मी त्याची धार पाहिली होती, मूठ पाहिली होती, पात्यावरची नक्षीही पाहिली होती. पातं मुठीला जोडणारा सांधा पाहिला नव्हता.

त्यानंतर बरेच स्वस्त चाकू हाताळले, काही उघडून पाहिले, मित्रांचे दुरुस्त केले. स्वयंपाकघरातल्या सुरीचं पातं मुठीत पक्कं बसलेलं असतं. घडीच्या चाकूत मात्र सगळा जोर एका खिळीवर आणि एका छोट्या लॉकवर येतो. बजेट कमी असलं की कारखानदार काटकसर करतो तीही तिथेच, कारण फोटोत ते दिसत नाही. म्हणून दीड-दोन हजारांच्या आसपास चाकू घेणाऱ्याने तपासणी सांध्यापासून सुरू करावी.

धार बघून चाकू पसंत करणे

दुकानदार कागद सर्रकन कापून दाखवतो आणि आपण खूश होतो. पण धार तर कुठल्याही चाकूला घरी लावता येते. बोथट पातं दगडावर सुधारतं, ढिला सांधा बहुतेक वेळा सुधारत नाही.

चाकू उघडा, मूठ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पात्याची पाठ चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. किंचित हललं आणि सांध्याला स्क्रू असेल तर तो आवळून काम भागू शकतं. आता पातं वर-खाली हलवा. या दिशेने हललं तर तो चाकू परत ठेवा. याचा अर्थ लॉक आणि पात्याचं बूड (मुठीतलं टोक) एकमेकांना नीट भिडत नाही, आणि स्क्रू आवळून ते भिडणार नाही. मग चाकू मिटून वरून बघा: पातं मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध बसतंय की एका बाजूला घासतंय? शेवटी चाकू उघडून, बोटं पात्याच्या वाटेतून पूर्ण बाजूला ठेवून, पात्याची पाठ तळहाताने हळूहळू दाबा. लॉक सरकता कामा नये. काही जण पाठ टेबलावर आपटून परीक्षा घेतात. तसं करू नका. धडधाकट लॉकही त्याने खराब होतं.

ऑनलाइन मागवला असेल तर खोका उघडल्याच दिवशी हे सगळं करा, एक कांदाही कापण्याआधी. वापरलेला चाकू परत घेताना विक्रेते कुरकुर करतात.

स्वस्तात गुंतागुंतीचं लॉक घेणे

आतली पत्र्याची पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते, ते लायनर लॉक. चांगलं बनवलं तर उत्तम चालतं. पण पट्टी किती जाड, कोणत्या कोनात घासलेली, बुडावर किती टेकते, या सगळ्यात अचूकपणा लागतो आणि अचूकपणाला पैसे पडतात. माझ्या त्या चाकूची पट्टी बुडाच्या अगदी कडेला, नखाएवढी टेकत होती. नव्या चाकूत ती बुडाच्या साधारण पाव ते अर्ध्या जाडीवर टेकलेली हवी. त्याहून कमी असेल तर निसटण्याची भीती. पार पलीकडच्या कडेला गेली असेल तर झीज व्हायला जागाच उरलेली नाही.

मुठीच्या पाठीवर दाबायचा खटका असतो ते बॅक लॉक. ते दणकट, पण खाचेत माती बसली की पूर्ण लागत नाही. ट्रेकहून आल्यावर ती खाच टूथपिकने साफ करायची सवय लावून घ्यावी.

कमी पैशांत टिकाऊ हवं असेल तर माझी पसंती सगळ्यात साध्या रचनेला आहे. फ्रान्सच्या सावोय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये बनवलेला लाकडी मुठीचा चाकू आजही जवळपास त्याच रूपात मिळतो. त्यात एक खिळी, एक लाकडी मूठ आणि १९५५ पासून पात्याच्या बुडाशी फिरणारी एक धातूची कडी, एवढंच. कडी फिरवली की पातं अडलं. बिघडायला फारसं काही नाहीच. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं असतं, आणि फळं, भाजी, दोरी, पाव यांना ते पुरून उरतं. एक लक्षात ठेवा: ही कडी ६ नंबरपासून पुढच्या आकारांनाच असते. लहान नंबर मुलांसाठी म्हणून घेणारे नेमके इथे फसतात.

दुसरा पर्याय व्हिक्टोरिनॉक्सचे ९१ मिलीमीटरचे स्विस चाकू. त्यांच्या मोठ्या पात्याला लॉक नसतं, पाठीमागची कमान पातं धरून ठेवते. 'लॉक नाही म्हणजे धोका' असं अनेकांना वाटतं. मला उलट अनुभव आहे. लॉक नाही हे माहीत असलेला माणूस पातं नीट धारेच्या दिशेने चालवतो, भोसकत नाही, उचकटत नाही. वाईट लॉक मात्र खोटा भरवसा देतं, आणि माझं बोट कापलं गेलं ते त्या भरवशामुळे.

जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी याहूनही साधा: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळी आणि पात्याच्या मागे आलेली शेपटी. ती अंगठ्याखाली दाबून धरायची, तेच त्याचं लॉक. ढिला झाला तर खिळीवर हातोडीचा हलका ठोका. भारतात सहज मिळत नाही, पण कोणी जपानहून येत असेल तर सांगून ठेवण्याजोगा आहे. फक्त विमानात तो सामानात टाकायला सांगा, हातातल्या पिशवीत नाही.

बटण दाबताच झटकन उघडणारे स्प्रिंगचे चाकू टाळा. स्वस्तातली स्प्रिंग आधी मोडते, आणि कायद्याच्या बाजूनेही ती डोकेदुखी आहे.

पोलादाच्या नावाला भुलणे

'सर्जिकल स्टील', 'जपानी स्टील' ही नावं काहीच सांगत नाहीत. पोलादाचा नंबर '४४०' एवढाच लिहिला असेल तर विचारा, ए, बी की सी? ४४०ए मध्ये कार्बन साधारण ०.६० ते ०.७५ टक्के, ४४०सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के. म्हणून ४४०सी धार बरीच जास्त धरतं. ३सीआर१३ किंवा ४२० गटातली पोलादं मऊ असतात: सहजी गंजत नाहीत, पण धार लवकर उतरते. या बजेटमध्ये ८सीआर१३एमओव्ही, १२सी२७ किंवा १४सी२८एन लिहिलेलं दिसलं तर समाधान मानावं. डी२ धार छान धरतं, पण त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असूनही ते पुरतं स्टेनलेस नाही. रत्नागिरी-मालवणच्या दमट, खाऱ्या हवेत राहणाऱ्याने ते विचार करून घ्यावं.

स्वस्त चाकूवरची लाटांची 'दमास्कस' नक्षी बहुधा छापलेली किंवा आम्लाने वरवर कोरलेली असते. आणि मोठ्या कंपनीचा चाकू निम्म्याहून कमी किमतीत दिसला तर तो नकली समजा. नकलेचं पोलाद काय, कोणालाच ठाऊक नसतं.

आपला पावसाळा विसरणे

ही चूक इथे सगळ्यात महाग पडते. लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं खाचेत अडकतं. जुलैत भिजलेला ओपिनेल नखाने उघडायचा प्रयत्न केलात तर नख तुटेल. त्याची युक्ती सावोयच्या लोकांचीच आहे: कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक दगडावर किंवा ओट्यावर टकटक ठोकायचं, पातं आपोआप थोडं बाहेर येतं. घरी आल्यावर चाकू उघडा ठेवून सावलीत, हवेशीर वाळू द्या. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवला तर लाकूड तडकतं. दर पावसाळ्यात अडकतच असेल तर पूर्ण वाळल्यावर खाचेच्या आतल्या भिंती बारीक पॉलिश पेपरने किंचित घासा आणि जवसाच्या तेलाचा हात द्या.

कार्बन पोलादाचं (म्हणजे स्टेनलेस नसलेलं) पातं कांदा, कैरी, लिंबू कापून करडं-निळसर होतं. ते घाबरून घासून काढू नका. तो थर पात्याला थोडं राखतो. तांबूस-भगवा डाग मात्र गंज आहे. तो बारीक स्टील वूल आणि तेलाने लगेच काढायचा. एवढी काळजी घेणं जमणार नसेल तर स्टेनलेस पातं घ्या, पण 'स्टेनलेस' म्हणजे कधीच न गंजणारं असं समजू नका. घामाने भिजलेल्या खिशात किंवा समुद्रावरून आल्यावर तसंच ठेवलं तर तेही ठिपके धरतं. चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवणं हेही गंजाला आमंत्रण. चामडं ओल धरून ठेवतं.

फणसाचा चीक लागला तर पात्याला खोबरेल तेल चोळा, चीक सुटतो, मग साबणाने धुवा. पण तेच खोबरेल तेल सांध्यात घालू नका. खाद्यतेल कालांतराने चिकट होऊन माती धरतं. सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. चाकूने खाण्याच्या वस्तू कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या.

धारवाल्याच्या कोरड्या चाकावर देणे

विळी, कोयता पाजवून घ्यायला धारवाला उत्तम. पण खिशातल्या चाकूचं पातं दोन मिलीमीटरच्या आसपास जाड असतं, कोरड्या चाकावर ते क्षणात तापतं. टोकाशी निळी-जांभळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा. ते पोलाद पुन्हा धार धरणार नाही. ओढून धार लावायचं व्ही आकाराचं स्वस्त उपकरणही पातं खरवडून संपवतं. दोन बाजूंचा, ४०० आणि १००० ग्रिटचा पाण्याचा दगड घ्या (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक). पातं दगडावर साधारण २० अंशांत धरा आणि दोन्ही बाजूंना सारखे हात मारा. सुरुवातीला जमत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळेला हात बसतो. दगड नसेल तेव्हा चिनी मातीच्या कपाच्या तळाची बिनचकाकीची कडा वेळ निभावते.

डबा उचकटणं, स्क्रू फिरवणं ही कामं पात्याची नाहीत. टोक तुटलेले जितके चाकू माझ्याकडे आले, ते बहुतेक याच कारणाने.

'एवढासा तर चाकू आहे' म्हणून कायदा न बघणे

शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक वापराची अवजारं त्यातून वगळली आहेत. आठ-नऊ सेंटीमीटरचा चाकू त्याच्या जवळपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात मनाई आदेश निघतात, आणि त्यांत चाकू बाळगण्यावरही बंदी असू शकते. दिल्लीत बटणाच्या किंवा गरारीच्या (दात्यांवरून करकरत उघडणाऱ्या) चाकूला ७.६२ सेंटीमीटर लांबी आणि १.७२ सेंटीमीटर रुंदीची वेगळी मर्यादा आहे. ट्रेकला जाताना चाकू खिशात न ठेवता सॅकच्या तळाशी, जेवणाच्या सामानात ठेवावा. मेट्रोने जाणार असाल तर तो घरीच राहू द्या.

घेतलेला चाकू कुरकुरू लागला तर

उघडताना करकर आवाज येतो, म्हणजे सांध्यात वाळू आहे. तेल ओतू नका, वाळूचा लेप होईल. कोमट साबणाच्या पाण्यात पातं उघडत-मिटत धुवा, पूर्ण वाळवा, मग एकच थेंब तेल.

पातं बाजूला हलू लागलं तर स्क्रू आवळा, पण एका वेळी फार तर एक अष्टमांश फेरा. हे स्क्रू बहुधा चांदणीच्या खाचेचे, टी६ किंवा टी८ मापाचे असतात. साध्या पेचकसाने प्रयत्न केला की खाच झिजते आणि मग काहीच करता येत नाही. आवळल्यावर पातं जड चालायला लागलं तर किंचित मागे घ्या.

स्वच्छ करून, आवळून, तेल देऊनही लॉक निसटत असेल तर तो चाकू संपला. माझा राजमाचीचा चाकू मी अजून दोन महिने 'जपून वापरू' म्हणत ठेवला होता; ते करायला नको होतं. भंगारात देताना पातं मिटा, वरून चिकटपट्टीचे चार-पाच वेढे घट्ट मारा आणि पट्टीवर पेनाने 'चाकू' असं लिहा. तो पुढे कोणाच्या तरी उघड्या हातात जाणार आहे.