लाइव्ह सभा सारखी अडकत होती, ती कशी सुरळीत झाली (माझा अनुभव)

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीची वार्षिक सभा देवळात भरते आणि मुंबईचे चाकरमानी ती यूट्यूबवर बघतात. थोड्या थोड्या वेळाने चित्र गोठायचं, आवाज तुटायचा, ओबीएसमध्ये (लाइव्ह पाठवायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) ड्रॉप्ड फ्रेम्स, म्हणजे नेट कमी पडून वाटेत गळलेली चित्रं, वाढत जायच्या. सिम बदललं, लॅपटॉप बदलला, फरक शून्य. ऐन हिशेबाच्या वाचनाला आवाज गेला की जीव कासावीस व्हायचा.

जमलं ते असं. आधी फोन चिरेबंदी भिंतीआडून काढून पडवीत ठेवला आणि हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने नेट घेतलं. मग सभेच्याच वेळी अपलोड स्पीड मोजला. डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही. 2 एमबीपीएसच्या (म्हणजे 2000 केबीपीएसच्या) आसपास मिळाला. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट मोड ॲडव्हान्स्ड केला, रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम एकसारखा), व्हिडिओ बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) अपलोडच्या निम्मा म्हणजे 1000 केबीपीएस, कीफ्रेम इंटरव्हल (पूर्ण चित्र किती वेळाने पाठवायचं ते) 2 सेकंद. व्हिडिओमध्ये आउटपुट रिझोल्यूशन 854 बाय 480, 30 एफपीएस (सेकंदाला 30 चित्रं). शेवटी यूट्यूब स्टुडिओत लेटन्सी (प्रेक्षकांपर्यंत पोचायला लागणारा उशीर) 'नॉर्मल'.

ऑडिओ बिटरेट मात्र 128 केबीपीएसच ठेवा. सभेत चेहऱ्यापेक्षा शब्द महत्त्वाचा. चॅनेलवर पहिल्यांदाच लाइव्ह करणार असाल तर ते चालू व्हायला 24 तास लागू शकतात, म्हणून आदल्या दिवसावर ठेवू नका.