'आय वॉक द लाइन' कसं ऐकावं: एका पेटीवाल्याची रीत

मी दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात लेथ चालवतो आणि संध्याकाळी आमच्या खानापूरकडच्या भजनी मंडळात पेटीला बसतो. इंग्रजी गाण्यांचा जाणकार मी नव्हे. गाणाऱ्याचा सा कुठं आहे, तो हलतो की जागेवर राहतो, एवढं मात्र कान आपोआप बघतो. अमेरिकन गायक जॉनी कॅशचं 'आय वॉक द लाइन' हे १९५६ सालचं गाणं मला त्या वाटेनंच सापडलं. अभंग ऐकत वाढलेल्या कुणालाही ते तसंच सापडेल, म्हणून ही रीत लिहून ठेवतोय.

आधी रेकॉर्ड नीट निवडा. कॅश हे गाणं आयुष्यभर गात राहिला, त्यामुळं शोधायला गेलं की ढीगभर आवृत्त्या पुढं येतात. आपल्याला हवी ती सन रेकॉर्ड्स या कंपनीची, अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये एप्रिल १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली, पावणेतीन मिनिटांच्या आसपासची. १९६४ साली त्यानं ते दुसऱ्या कंपनीसाठी परत गायलं. तेही चांगलं आहे, पण ते नंतर. मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, या गाण्याचा निम्मा जीव खर्जात आहे आणि तिथं तो ऐकूच येत नाही. साधा इअरफोन चालेल. बास वाढवायची सोय असेल तर बंद करा. गणपतीत लावतात तसला बास इथं लावला की सगळा चिखल होतो.

पहिल्या खेपेला शब्द सोडून द्या. आपल्या सीमाभागात हे कुणाला शिकवायला नको. भीमसेन जोशींची कन्नड दासपदं कन्नड न येणाऱ्या आमच्या घरांतसुद्धा सकाळी सकाळी लागतातच की. फक्त गिटार ऐका. लूथर पर्किन्स नावाचा माणूस जाड तारांवर एकेक स्वर ठेवत जातो. झणकार नाही, सजावट नाही. त्याच्या बरोबर मार्शल ग्रँटचा उभा बास, म्हणजे माणसाएवढं उभं, खर्जाचं तंतुवाद्य. एवढ्या दोघांचाच ताफा, 'टेनेसी टू' त्याचं नाव. चाल अशी, की लोंढा जंक्शनकडून मालगाडी एका वेगानं येत राहावी, ना घाई ना ढिलाई. लेथवर जॉब लावून बसणाऱ्या माणसाला तो एकसारखेपणा फार भावतो.

आता मागं जो 'चिक चिक' असा आवाज येतो तो धरा. ड्रम वाटेल, पण ड्रम नाहीच. त्या काळी कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाच्या गाण्यांत, ड्रमला मान नव्हता, नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या मोठ्या कार्यक्रमात तर तो मंचावर चालत नसे. कॅशनं आपल्या गिटारच्या तारांत कागद अडकवला आणि तीच तालाची सोय केली. हे नुसतं वाचून कळत नाही, करून बघावं लागतं. टिळकवाडीत माझा भाचा गिटार वाजवतो, त्याच्याकडं आम्ही केलं. जुन्या लाईटबिलाची लांबट घडी घातली, एका तारेच्या वरून, दुसरीच्या खालून अशी सहाही तारांतून ओवली आणि उजव्या हातानं हलकं झटकत राहिलो. कागद सैल असला तर नुसता फडफडतो, फार घट्ट असला तर तार मुकी होते. मधली जागा सापडली आणि भाचा ओरडला, "मामा, हे तर ड्रमवर ब्रश फिरवल्यागत वाजतंय की!" घरी गिटार असेल तर गाणं पुढं ऐकायच्या आधी हे जरूर करा. नंतर रेकॉर्डमधला तो आवाज कानाला सुटा ऐकू येतो.

आता मुख्य गोष्ट, आणि इथं वेळ काढून बसा. प्रत्येक कडव्याच्या आधी कॅश तोंड मिटून एक लांब हुंकार देतो. पुष्कळ जण त्याला लकब समजतात. तो सा लावतोय. या गाण्यात पाच कडवी आहेत आणि दर कडव्याला षड्ज बदलतो, मग गाणाऱ्याला नवा सा आधी घशात धरावा लागतो. पेटी जवळ घ्या. पहिलं कडवं पांढरी चारला, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीला मिळेल, जुनी रेकॉर्ड म्हणून किंचित मागंपुढं वाटलं तर तेवढं चालवून घ्या. दुसऱ्याचा सा काळी पाच. म्हणजे पहिल्याचा मध्यम आता सा झाला. तिसऱ्याचा काळी दोन, म्हणजे दुसऱ्याचा मध्यम. आपल्याकडं मध्यमाला सा करून ठुमरी गातात, भजन गातात, तीच युक्ती इथं एकावर एक दोनदा येते. चौथं परत काळी पाचवर येतं आणि पाचवं परत पांढरी चारला.

पाचव्याला मात्र थांबा. शब्द पहिल्याच कडव्याचे, स्वरही तोच, पण आवाज अख्खं सप्तक खाली. पहिलं कडवं ऐकून झाल्यावर तोच सा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, स्वतः लावून बघा, मग कळतं तो माणूस कुठं जाऊन उभा राहिलाय. आमच्यातले बरेच जण तिथं नुसती हवा सोडतात. कॅश त्या जागी शब्द स्पष्ट म्हणतो, आणि आवाज ताणलेला वाटत नाही. पेटी वाजवताना गाणारा असा खाली गेला की मी भात्यावरचा हात हलका करतो. लूथरही गिटारचा गलबला वाढवत नाही, आवाजाला जागा देतो. या गाण्यावर माझं प्रेम आहे ते मुख्यतः या शेवटच्या कडव्यासाठी.

वेगाबद्दल एक ठाऊक असू द्या. कॅशच्या मनात हे संथ गाणं होतं. सन रेकॉर्ड्सचा मालक सॅम फिलिप्स यानं एकदा जलद घ्यायला लावलं आणि तेच बाजारात आणलं. कॅशनं ते रेडिओवर ऐकलं तेव्हा त्याला रुचलं नव्हतं. माझं मत फिलिप्सच्या बाजूनं आहे. संथ झालं असतं तर ती शपथ रडकी झाली असती. या चालीत ती निश्चयाची वाटते.

शपथ म्हणतोय, कारण शब्द आता घ्यायचे. कॅशचं लग्न १९५४ मध्ये व्हिव्हियनशी झालं आणि गाण्याच्या दौऱ्यांमुळं तो सारखा घराबाहेर. अशा माणसानं बायकोला दिलेलं हे वचन आहे: मी माझ्या मनावर स्वतः पहारा ठेवून आहे, तुझ्यासाठी. पुढं दोघांचा घटस्फोट झाला. काही जण ते सांगून गाणं खोटं ठरवतात, मला ते पटत नाही. मन घसरू शकतं हे ठाऊक असलेल्या माणसालाच पहाऱ्याची गरज पडते, आणि सारखा सा हलवत ठेवून शेवटी मूळ जागी येणारी ही चालही तेच सांगते.

हे पचलं की त्याच तबकडीची दुसरी बाजू लावा, 'गेट रिदम'. बूट पॉलिश करणाऱ्या पोराचं गाणं. रॉकाबिली म्हणजे काय हे पुस्तकातून समजून घेण्यापेक्षा इथं ऐका: कंट्रीचं गाणं, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतल्या रिदम अँड ब्लूज संगीताचा जोर, बासच्या तारा बोटांनी थापटलेल्या, आणि सगळं मेम्फिसच्या एका छोट्याशा खोलीतलं. एल्व्हिस प्रेस्लीची पहिली रेकॉर्डही १९५४ मध्ये त्याच खोलीतून निघाली. पहिल्या बाजूला जो जोर दाबून धरलेला असतो तो इथं मोकळा सुटतो.

सगळ्यात शेवटी १९६९ मधलं सॅन क्वेंटिन तुरुंगातलं ध्वनिमुद्रण. समोर कैदी बसलेत. आता ताफ्यात डब्ल्यू. एस. हॉलंडचे ड्रम आहेत, त्यामुळं कागदाची गरज उरलेली नाही. लूथर पर्किन्स आदल्या वर्षी, ऑगस्ट १९६८ मध्ये, घराला लागलेल्या आगीत भाजून गेला होता. त्याच्या जागी बॉब वूटन उभा आहे. त्या जाड तारांवरचे स्वर वूटन कसे ठेवतो ते १९५६ च्या रेकॉर्डशी लावून बघा, एकदा त्याची गिटार, एकदा लूथरची.