भरतीचा खर्च मोजताना या चुका टाळा

चाकण-भोसरीच्या एखाद्या मध्यम कारखान्यात ‘एका नेमणुकीला किती खर्च येतो’ असं विचारलं, की उत्तर बहुधा कन्सल्टंटच्या (माणसं शोधून देणाऱ्या एजन्सीच्या) बिलावरून येतं. वार्षिक सीटीसीच्या (एका कर्मचाऱ्यामागे कंपनीला येणाऱ्या एकूण पगारखर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. बिल समोर असतं म्हणून तो आकडा पाठ असतो. बाकीचा खर्च पगारपत्रकात, व्हाउचरांत आणि लोकांच्या वेळेत विखुरलेला राहतो.

सूत्र सोपं आहे. बाहेर दिलेले पैसे अधिक आतला खर्च, भागिले रुजू झालेली माणसं. मनुष्यबळ क्षेत्रातल्या एसएचआरएम या अमेरिकी संस्थेचं २०१२ सालचं मानकही याच मांडणीवर उभं आहे. चुका होतात त्या वर काय धरायचं आणि खाली काय धरायचं, यात.

फक्त बिलं मोजणं

ही सगळ्यात महागडी चूक. समजा, एका तिमाहीत पाच इंजिनिअर रुजू झाले. तिघे कन्सल्टंटकडून, प्रत्येकी ६ लाख सीटीसीवर, म्हणून फी अंदाजे १,५०,०००. दोघे ओळखीतून आले, त्यासाठी कर्मचाऱ्यांना रेफरल बोनस २०,०००. जॉब पोर्टलचं वर्षाचं पॅकेज १,२०,००० असेल, तर तिमाहीचा वाटा ३०,०००. पाच जणांची वैद्यकीय तपासणी ७,५०० आणि पूर्वीच्या नोकरीची पडताळणी १०,०००.

आता वेळ. एचआर एक्झिक्युटिव्हची सीटीसी महिना ३५,००० आणि निम्मा वेळ याच कामात गेला, तर तीन महिन्यांचे ५२,५००. चाळीस उमेदवारांच्या तासभराच्या मुलाखती दोन मॅनेजरनी घेतल्या, तर ८० तास झाले. तासाचा दर काढायला मासिक सीटीसीला २०० ने भागा (२५ दिवस, ८ तास). महिना १ लाखाच्या मॅनेजरचा तास ५०० रुपयांना पडतो, म्हणजे ४०,०००.

एकूण ३,१०,०००, माणशी ६२,०००. नुसत्या कन्सल्टंटच्या बिलांवरून हाच आकडा माणशी ३०,००० दिसला असता. निम्म्याहून जास्त खर्च नजरेआड राहिला, आणि तो कमी करायचे उपायही त्याच्यासोबत. चाळीसऐवजी फोनवर आधी गाळून पंचवीस जणांनाच बोलावलं, तर मॅनेजरांचे ३० तास वाचतात. बिलं चाळून हे कधीच कळणार नाही.

जॉइनिंग बोनस आणि नोटीस पिरियडची भरपाई (उमेदवाराला लवकर सोडवून घेण्यासाठी दिलेले पैसे) याबाबत विशेष जपा. दोन्ही रकमा बहुधा पहिल्या पगारासोबत दिल्या जातात आणि ‘पगार’ या खात्यात मुरतात. टॅलीत ‘भरती खर्च’ असं वेगळं लेजर काढा आणि प्रत्येक रिकाम्या जागेला क्रमांक देऊन तोच कॉस्ट सेंटर (खर्च वेगळा गोळा करायचं शीर्षक) म्हणून लावा. नोंद पडतानाच खर्च त्या जागेवर चढतो, वर्षअखेरीस व्हाउचरं उपसावी लागत नाहीत.

ऑफर दिली की मोजून टाकणं

नोटीस पिरियड ६० ते ९० दिवसांचा असला, की एप्रिलमध्ये स्वीकारलेली ऑफर जुलैत प्रत्यक्षात येते किंवा येतच नाही. खर्च एका तिमाहीत आणि माणूस दुसरीत, असं झालं की पहिली तिमाही अकारण महाग आणि दुसरी फुकट दिसते. माणूस रुजू झाल्याच्या तारखेलाच मोजा आणि आकडा मागच्या १२ महिन्यांचा काढा. मुलाखती होऊन जागाच रद्द झाली, तरी तिचा खर्च एकूण रकमेत राहिलाच पाहिजे.

रिप्लेसमेंटला नवी भरती समजणं

कन्सल्टंटच्या करारात बहुधा असं कलम असतं, की ठरावीक मुदतीत (अनेकदा ९० दिवस) माणूस गेला तर दुसरा विनाशुल्क मिळेल. हा दुसरा माणूस ‘शून्य फीची भरती’ म्हणून यादीत चढला, की सरासरी घसरते आणि कारभार सुधारल्याचा भास होतो. खरं तर एकाच जागेवर दुप्पट वेळ गेलेला असतो. दोन्ही फेऱ्यांचा खर्च एकाच जागेच्या क्रमांकावर टाका आणि माणूस एकच मोजा. करारात फी कशावर आहे तेही वाचा. व्हेरिएबल (कामगिरीनुसार बदलणारा) पगार धरून आहे की वगळून, यावर रक्कम बदलते.

सगळ्यांची एकच सरासरी

गेटवर बोर्ड लावून घेतलेला ऑपरेटर आणि सहा महिने शोधलेला प्लांट हेड यांची सरासरी कुणाच्याच कामाची नाही. निदान तीन गट करा: कामगार, इंजिनिअर-सुपरवायझर, वरिष्ठ. ठेकेदाराची माणसं यात आणूच नका, कारण त्याचा सर्व्हिस चार्ज दरमहाचा असतो.

हद्दही आखून घ्या. हिशेब रुजू होण्याच्या दिवशी थांबतो. गणवेश, सेफ्टी शूज, प्रशिक्षण हे वेगळ्या रकान्यात. कन्सल्टंटच्या फीवरचा १८ टक्के जीएसटी इनपुट क्रेडिटमधून (स्वतःच्या जीएसटीतून वळता होऊन) परत मिळत असेल, तर खर्चात धरू नका. शाळा किंवा रुग्णालयाची सेवा करमुक्त असल्याने तिथे क्रेडिट मिळत नाही, म्हणून तिथे तो धरावाच लागतो.

आकडा अचानक उसळला तर

आधी पोर्टलचं वार्षिक बिल एकाच महिन्यात पडलंय का ते पाहा. मग त्या काळात रुजू झालेल्यांची संख्या पाहा. पाचाऐवजी दोघेच आले, तर पोर्टल आणि एचआरचा ठरलेला खर्च दोघांवरच चढतो. त्यानंतर गटांचं प्रमाण तपासा, एखादी वरिष्ठ नेमणूक झाली असेल.

आकडा अचानक घसरला तरी तीच तपासणी करा, आणि सोबत ९० दिवस टिकलेल्यांवर तोच खर्च भागून पाहा. वरच्या पाचांपैकी एक जण सोडून गेला, तर ६२,००० चे ७७,५०० होतात. व्यवस्थापनापुढे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवा.